क्रूझची केबिन निवडताना

प्रश्न: मुंबई-गोवा क्रूझवर आई-बाबांना घेऊन जायचंय, आईला बोट लागते आणि बाबांचे गुडघे दुखतात. केबिन खिडकीवाली घेऊ की बिनखिडकीची?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अहो, खिडकीच्या आधी केबिन जहाजात नेमकी कुठेय ते बघा. खालच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, मधोमध हलणं सगळ्यात कमी, वर आणि पुढच्या टोकाला जास्त, म्हणजे वरची महागडी बाल्कनी घेऊन आईंना उलट त्रासच व्हायचा. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून तुमच्या केबिनच्या वर-खाली काय आहे तेही बघा, वर स्विमिंग पूल असेल तर सकाळी सकाळी खुर्च्या सरकवल्याची खरखर थेट डोक्यावर, खाली थिएटर असेल तर रात्री धडधड. खिडकी परवडत असेल तर घ्याच, क्षितिज दिसत राहिलं की बऱ्याच जणांची मळमळ कमी होते, फक्त समोर लाइफबोट टांगलेली नाही ना ते बुकिंगवाल्याला विचारा. बिनखिडकीच्यात दिवा घालवला की भरदुपारी पण मिट्ट काळोख, रात्री उठणाऱ्या माणसाला ते जड जातं. आणि बाबांसाठी बाथरूम! बऱ्याच केबिनमध्ये दाराशी उंबरठा असतो, शॉवर इतका चिंचोळा की पडदा अंगाला चिकटतो. लिफ्टजवळची केबिन मागा, पण अगदी लिफ्टला लागून नको. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात, त्याची काळजी नको.