एसी जुना निघाला, पण तारीख कुठली धरायची?

ऊन तापलं की अशी पत्रं येतात. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वाचकाने 10 मे 2024 ला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, बर्डीच्या एका दुकानातून दीड टनाचा फाइव्ह स्टार स्प्लिट एसी नवा म्हणून घेतला. मे 2025 मध्ये गॅस भरायला आलेल्या मेकॅनिकने आउटडोअर युनिटची पाटी फडक्याने पुसून दाखवली: उत्पादन मार्च 2022. तेव्हापासून दुकानदाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघतो’, ‘कंपनीला कळवलं आहे’ सुरू आहे. आता कॉम्प्रेसरच गेला. विचारतात, केस होईल का?

होईल. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे यावं लागतं. तुम्ही म्हणाल, फसवणूक कळली मे 2025 ला, तिथून मोजा. मीही तसा युक्तिवाद करीन. समोरचा वकील मात्र बिलाची तारीख धरणार, आणि त्या हिशोबाने 10 मे 2026 ला खेळ संपतो. तो रविवार, आदल्या दिवशी दुसरा शनिवार. म्हणजे शुक्रवार 8 मेच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे; ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. विलंब माफीचा अर्ज असतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘दुकानदार उद्या या म्हणत होता’ हे कारण नव्हे. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, व्हॉट्सअ‍ॅपने तर नाहीच. वर्षभर तुम्ही निळ्या टिका मोजत बसलात!

तक्रारीत मांडायचं काय, तर कॉम्प्रेसरचं रडगाणं पहिल्या पानावर नको. वस्तूतला दोष तपासायचा म्हटलं की प्रकरण प्रयोगशाळेकडे जाऊ शकतं. मग निकालासाठी कायद्यातच तीन महिन्यांऐवजी पाच लिहिले आहेत. तीनचे किती होतात ते सिव्हिल लाइन्समधल्या आयोगाच्या चकरा मारणाऱ्यांना विचारा. तुमचा मुद्दा कलम 2(47) चा: जुना माल नवा म्हणून खपवणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. त्याला प्रयोगशाळा कशाला, पाटी वाचता आली की झालं. त्यात 1 जुलै 2022 पासून एसीच्या स्टारचे निकष एका पायरीने कडक झाले, त्यामुळे आधीचा फाइव्ह स्टार तेव्हाच्या नव्या हिशोबात फोर स्टार ठरला. स्टारच्या लेबलवर मुदत छापलेली असते. ती जून 2022 ला संपत असेल, तर जवळून फोटो काढा.

नुसता साठ्यातला, न वापरलेला माल उशिरा विकला म्हणून प्रत्येक वेळी फसवणूक ठरेलच असं नाही. दुकानदार तुम्हाला काय म्हणाला आणि त्याचा पुरावा काय, यावर बरंच अवलंबून. पूर्ण पैसे मिळतील की नुसती भरपाई, तेही आज सांगता येणार नाही.

खरी अडचण तुमच्या बिलात आहे. त्यावर ‘स्प्लिट एसी, 1 नग’ एवढंच. सिरियल नंबर नाही, आणि तुम्ही घेताना बघितलंही नाही. हा एसी आमचा नव्हेच, असं दुकानदार सरळ म्हणू शकतो. एसी बसवायला कंपनीचा माणूस आला असेल तर त्याच्या जॉब शीटवर नंबर असतो. कंपनीला आजच ईमेल करून ती नोंद आणि त्या नंबराचा उत्पादन महिना लेखी मागा. खोका ठेवला असेल तर त्यावरही महिना-वर्ष छापलेलं असतं. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही घ्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

नोटीस गेली की दुकानदार बहुधा गोड बोलेल, ‘युनिट पाठवा, बदलून देतो.’ सिरियल नंबर लिहिलेली सहीशिक्क्याची पावती हातात पडेपर्यंत युनिट भिंतीवरून उतरवू देऊ नका. ती पाटी गेली की तुमच्याकडे काही उरत नाही. तोवर कूलरमध्ये नवा खस भरा.