शिक्के, कर्णे, वाट्या : प्रकटीकरणातला न्याय कसा वाचावा?

प्रश्न : बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातले सात शिक्के, सात कर्णे आणि सात वाट्या म्हणजे ओळीने येणारी २१ संकटे, असे आमच्या बायबल वर्गात फळ्यावर रेषा आखून शिकवले. वाचताना मात्र मेळ बसत नाही. चूक कुठे होते?

उत्तर : त्या रेषेतच. सहावा शिक्का फोडला जातो तेव्हा तारे पृथ्वीवर पडतात, आकाश गुंडाळले जाते (प्रकटीकरण, अध्याय ६, वचने १३-१४). मग चौथ्या कर्ण्याला ताऱ्यांचा तिसरा हिस्सा अंधारतो (८:१२), तो कुठल्या ताऱ्यांचा? पहिल्या कर्ण्याला सगळे हिरवे गवत जळते आणि पाचव्याला टोळांना ताकीद मिळते, गवताला धक्का लावायचा नाही (८:७, ९:४). सातव्या शिक्क्यानंतरच कर्णे येतात, हा क्रमवाल्यांचा मुद्दा खरा आहे; पण तो पाहण्याचा क्रम झाला, घडण्याचा असेलच असे नाही.

कागदावर तीन उभे रकाने आखा आणि प्रत्येक संकटापुढे त्याचे माप लिहा. चौथ्या शिक्क्याला पृथ्वीचा चौथा हिस्सा (६:८), कर्ण्यांत बहुतेक ठिकाणी तिसरा, दुसऱ्या वाटीला समुद्रातला झाडून सगळा जीव (१६:३). तिन्ही रकान्यांच्या तळाशी गडगडाट, विजा, भूकंप (८:५, ११:१९, १६:१८). दुसऱ्या वेळी त्यात गारांची भर पडते, तिसऱ्या वेळी एकेक गार मणाची होते. एकच शेवट तीनदा, दर वेळी अधिक जवळून दाखवलेला, असे वाचले की वरची भांडणे मिटतात.

आता शेजारी चौथा रकाना आखा : निर्गम (मिसरवर आलेल्या पीडांची गोष्ट सांगणारे बायबलचे दुसरे पुस्तक), अध्याय ७ ते १०. रक्त, बेडूक, फोड, गारा, टोळ, अंधार. कर्णे-वाट्यांतली बरीचशी सामग्री तिथूनच आली आहे. म्हणूनच वाट्यांच्या आधी मोशेचे, म्हणजे इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्याचे, गीत गायले जाते (१५:३). बहुतेक जण या जागी घाई करतात आणि संकटे मोजत सुटतात. ९:२०-२१ आणि १६:९, ११ राहून जातात. लोकांनी पश्चात्ताप केला नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा सांगितले आहे, थेट पीडा सोसूनही न वळलेल्या मिसरच्या राजासारखे, फारोसारखे. ते ध्यानात आले की हिश्श्यांचे कोडेही सुटते. चौथा, तिसरा म्हणजे हात राखून केलेला न्याय : उरलेल्यांना वळायला जागा.

प्रश्न : प्रकटीकरणात श्वापदाची संख्या म्हणून येणारा ६६६ म्हणजे बारकोड किंवा लस, हे खरे का?

उत्तर : नाही. १३:१८ मध्ये वाचकालाच हिशेब करायला सांगितले आहे, म्हणजे पहिल्या शतकात आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ख्रिस्ती मंडळ्यांना तो जमणारा हवा. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमन सम्राट नीरो, हे हिब्रूत लिहा : ५०+२००+६+५० आणि १००+६०+२००, एकूण ६६६. ‘नेरोन’मधला शेवटचा न गाळला की ५० वजा होऊन ६१६ उरतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका हाच आकडा आहे. नीरोवर सगळ्यांचे एकमत नाही. पण बारकोडाला या दोन आकड्यांचा खुलासा करता येत नाही.