आधी तळ मोजा, मग हप्ता ठरवा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि आमची दोन मुलं सहा वर्षांपासून वॉटर स्कीइंग करतो, मुख्यतः दोन स्कींवर आणि स्लॅलम (एका स्कीवर पाण्यातल्या तरंगत्या खुणांना वळसे घालत जाणं). आतापर्यंत क्लबच्या बोटीमागे, दर फेरीचे पैसे भरून. आता स्वतःची इनबोर्ड (इंजिन आत बसवलेली) स्की बोट घ्यायची इच्छा आहे. दोन बोटी पाहून ठेवल्यात : 15 वर्षं जुनी, 700 तास चाललेली डायरेक्ट ड्राइव्ह (इंजिन मध्यावर), आणि तिच्या दुप्पट किमतीची, 5 वर्षं जुनी व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागे). आमचं तळं उथळ आहे. बऱ्याच भागात पुरुषभर पाणी असतं, हंगाम संपत आला की काही ठिकाणी छातीभर उरतं. आपत्कालीन निधी 8 महिन्यांच्या खर्चाएवढा आहे. त्यातले 5 महिन्यांचे पैसे सुरुवातीला भरून बाकीच्यासाठी 7 वर्षांचं कर्ज काढायचा विचार आहे. गृहकर्जाचा हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या 27 टक्के आहे. व्ही-ड्राइव्ह घेतली तर आणखी 14 टक्के जातील, जुनी घेतली तर 5. घ्यावी का, आणि कोणती?

उत्तर : नमस्कार. मी स्वतः तिघांच्या भागीदारीत अशी बोट चालवते, त्यामुळे ही हौस काय असते ते मला ठाऊक आहे. पहाटे आरशासारख्या पाण्यावर आपली पोरं दोरी धरून उभी राहिलेली पाहायची, हा आनंद कुठल्याही ताळेबंदात बसत नाही. तो वाया जाऊ नये म्हणूनच स्पष्ट लिहिते. या हंगामात बोट घेऊ नका. व्ही-ड्राइव्ह तर तुमच्या तळ्यासाठी कधीच नको. जुनी डायरेक्ट ड्राइव्ह, किंवा तशीच दुसरी एखादी, पुढच्या हंगामात घेता येईल. पण आपत्कालीन निधीला हात न लावता, आणि शक्यतो एकट्याने नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. पैशांचे आकडे अगदी नेमके आहेत, टक्क्यांपर्यंत. पाण्याचे आकडे मात्र ‘पुरुषभर’ आणि ‘छातीभर’. तुमच्या बाबतीत हा सौदा परवडणार की नाही, हे व्याजदरापेक्षा त्या पाण्यावर जास्त ठरणार आहे.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या, इंजिनचा पाय उथळ पाण्यात वर उचलता येतो. इनबोर्डला ती सोय नाही. इंजिन बोटीच्या आत, त्यातून निघालेला दांडा तळातून तिरका बाहेर, त्याला आधार देणारा ब्रॅकेट, टोकाला पंखा आणि पंख्यामागे सुकाणू. हे सगळं बोटीच्या पोटाखाली कायमचं लटकलेलं असतं. स्कीइंगसाठी ही रचना उत्तम आहे. पंखा बोटीखाली आत असल्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसापासून तो दूर राहतो, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये वजन मध्यावर आल्यामुळे बोट सरळ ओढते, मागची लाटही बुटकी असते. उथळ पाण्यात मात्र तळाला आधी टेकतो तो तोच भाग.

डायरेक्ट ड्राइव्ह स्की बोट नुसती उभी असताना साधारण 55 ते 65 सेंटीमीटर पाण्यात असते. छातीभर पाणी म्हणजे सव्वा मीटर धरलं, तर दुप्पट खोली आहे असं वाटेल. पण जाहिरातीतला तो आकडा उभ्या बोटीचा असतो. स्कीअरला पाण्यातून वर खेचताना बोटीचं नाक उठतं आणि मागची बाजू खाली बसते. उथळ पाण्यात हे जास्तच होतं. पाणी 1 मीटर खोल असेल तर तिथली लाट ताशी सुमारे 11 किलोमीटरपेक्षा वेगाने धावू शकत नाही. बोट त्या वेगाजवळ आली की आपणच उठवलेल्या लाटेवर तिला चढावं लागतं आणि मागची बाजू आणखी रुतते. एकदा वेग पकडला की बोट वर येते, ओझं सुटतं. त्यामुळे धोका भरधाव जाताना कमी आणि निघताना जास्त. आणि स्कीअर पडतो कुठे? कुठेही. तो जिथे पडला तिथे वळून जायचं आणि तिथूनच पुन्हा खेचायचं. म्हणजे सरासरी खोली उपयोगाची नाही, पूर्ण मार्गावरची सर्वांत उथळ जागा धरावी लागते.

हे मी पैसे मोजून शिकले. आमच्या तिसऱ्या हंगामात भागीदाराचा मुलगा वळणापाशी पडला. मी वळून त्याच्यापाशी गेले, दोरी दिली आणि गॅस दिला. खालून एकदाच ‘खर्र’ असा आवाज आला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. पाणी उतरल्यावर वाळूचा उंचवटा वर आला होता, तो आम्हा कुणालाच ठाऊक नव्हता. बोट ट्रेलरवर चढवली तेव्हा पंख्याच्या एका पात्याची कड वाळल्या पानासारखी वळलेली दिसली. पात्याचं एवढं वाटलं नाही. मेकॅनिकने दांडा आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती सोडवली, दोन चकत्यांच्या मध्ये पातळ पट्ट्यांचं फीलर गेज सरकवलं. तिथली फट कुठेही 0.08 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे कागदाच्या पानापेक्षाही कमी. आमच्याकडे जाडजूड पट्टीसुद्धा अडखळल्याशिवाय आत गेली. दांडा वाकला होता, ब्रॅकेटही सरकला होता. सुटे भाग येऊन, बसवून, बोट पाण्यात उतरवून पुन्हा मोजमाप होईपर्यंत पाच आठवडे गेले. हप्ता, विमा आणि जागेचं भाडं त्या पाच आठवड्यांतही चालूच होतं.

त्या पाच आठवड्यांचाच हिशेब तुम्हाला करायचा आहे. बोटीचा वर्षाचा सगळा खर्च 100 भाग धरू. त्यात घसारा, व्याज, विमा, ठेवायची जागा, ट्रेलर आणि हंगाम संपल्यावरची देखभाल असा बांधील खर्च 75 भाग, आणि इंधन, तेल, झीज असा चालवण्याचा खर्च 25 भाग, हे गणितापुरतं गृहीत धरलं आहे. तुमचे आकडे तुम्ही घाला. वर्षाला 60 तास बोट चालली तर तासाला 1.67 भाग पडतात. पाणी लवकर उतरलं आणि 30 तासच चालली, तर चालवण्याचा खर्च निम्मा होईल, बांधील खर्च तसाच राहील. एकूण 87.5 भाग, म्हणजे तासाला 2.92. त्याच वर्षी पंखा एकदा तळाला लागला आणि दुरुस्तीला 15 भाग गेले, तर तासाला 3.42. बोट तीच, कर्ज तेच, आणि तासाचा खर्च दुपटीच्या वर. व्याजदर एक-दोन टक्क्यांनी कमी करून घ्यायला आपण बँकेत किती घासाघीस करतो! इथे तळ्याची पातळी त्याहून कितीतरी मोठा फरक पाडते.

क्लबमध्ये एका फेरीला पाव तास धरा. 60 तास म्हणजे 240 फेऱ्या, 30 तास म्हणजे 120. गेल्या वर्षी तुम्ही चौघांनी मिळून किती फेऱ्या मारल्या, ते क्लबच्या पावत्यांवरून मोजा. त्या शंभराच्या आत असतील, तर निव्वळ पैशांच्या हिशेबात स्वतःची बोट टिकणं अवघड आहे.

आता दोन बोटींबद्दल. व्ही-ड्राइव्हचं इंजिन मागे असतं, वजन मागे जातं, आणि टाक्यांत पाणी भरून ते आणखी वाढवायची सोय असते. एकाच रुंद फळीवर उभं राहून लाटेवरून उड्या मारणाऱ्या, म्हणून मोठी लाट हवी असलेल्या वेकबोर्डवाल्यांसाठी ते ठीक. वजन वाढलं की बोट जास्त बुडते, आणि उथळ तळ्याला नेमकं तेच नको आहे. शिवाय तुम्ही दोन स्कींवर आणि स्लॅलमवर भर देता, तुम्हाला सपाट लाट हवी. दुप्पट पैसे मोजून तुमच्या पाण्याला आणि तुमच्या खेळाला न जुळणारी बोट कशाला? हे मी 14 टक्क्यांकडे न पाहताच म्हणते. तिकडे पाहिलं तर गृहकर्जासह 41 टक्के पगार हप्त्यांत जातो, आणि पुढे मुलांच्या शिक्षणाची वर्षं आहेत.

जुन्या बोटीचं वय आणि 700 तास मला घाबरवत नाहीत. नीट देखभाल झालेल्या इनबोर्ड इंजिनला हे फार नाहीत. मला भीती आहे ती तिच्या आधीच्या पाण्याची. बोट ट्रेलरवर असताना खाली वाका. पंख्याच्या कडा, सुकाणू, तळाचे फिन आणि ब्रॅकेटच्या मुळाशी फायबरला गेलेल्या बारीक भेगा पाहा. हाताने पंखा फिरवा. तो सलग, एकसारखा फिरायला हवा. जुन्या बोटींच्या तळाच्या सांगाड्यात काही वेळा लाकूड असतं आणि ते आतून कुजतं, म्हणून स्वतंत्र तपासनीसाकडून ओल मोजून घ्या. मग पाण्यावर चालवून तापमानाचा काटा बघा. ही बोट थंड राहते ती तळ्याचंच पाणी खेचून, आणि ते पाणी खेचतो रबरी पात्यांचा इम्पेलर. उथळ तळ्यात पंखा गाळ उपसतो, तो गाळ इम्पेलरमधून जातो आणि रबर खरवडतो. शेवाळ गाळणीत अडकतं. खोल, स्वच्छ पाण्यात हंगामाला एक इम्पेलर पुरतो. तुमच्याकडे मी दोनाची तरतूद करेन. तो वेळेवर बदलायचा खर्च किरकोळ आहे, इंजिन तापून बसलं तर मात्र वर्षाचं बजेट जातं. इंजिन ऑइल साधारण दर 50 तासांनी. गोठणारी थंडी पडत असेल तर इंजिनमधलं पाणी हंगामाअखेर काढलंच पाहिजे, नाहीतर बर्फ होऊन ब्लॉक तडकतो.

आपत्कालीन निधीबद्दल माझं मत पक्कं आहे. 8 महिन्यांचे पैसे तुम्ही कष्टाने उभे केलेत. त्यातले 5 बोटीत गेले की उरतात 3, आणि त्याच वेळी अचानक खर्च काढणारी एक नवी वस्तू घरात येते. निधी कमी आणि त्याची गरज जास्त, दोन्ही एकदम. बोट अडचणीच्या वेळी विकून पैसे उभे करू, असं मनात असेल तर तेही काढून टाका. पाणी आटलेल्या तळ्याकाठी बोट घ्यायला कोण येणार?

विम्याचा कागद सही करण्याआधी वाचा, नंतर नाही. ओढल्या जाणाऱ्या स्कीअरची इजा आणि त्याची जबाबदारी त्यात आहे का, तळाला लागून झालेलं नुकसान आहे का, आणि मोडतोड झाल्यास ठरलेली रक्कम मिळणार की घसारा वजा करून. गाळाने झालेली झीज बहुधा कुणीच भरून देत नाही. चौघांचाही आरोग्य आणि अपघात विमा या खेळाला लागू आहे याची लेखी खात्री करा. स्पर्धेत पुरुषांचा स्लॅलमचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर असतो. त्या वेगाने 259 मीटरचा स्लॅलमचा मार्ग 16 सेकंदांत संपतो. तुमचा वेग कमी असेल, पण कंबरभर पाण्यात पडलेला माणूस तळाला आपटू शकतो. ही भीती मी बोटीच्या नुकसानीपेक्षा वर ठेवते. इंजिन चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू देऊ नका, तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो.

आता करायचं काय. पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा वल्ह्याची छोटी होडी घ्या. दोरीला वजन बांधा, दर 25 सेंटीमीटरला गाठ मारा, आणि तुमच्या पूर्ण मार्गावर दर 20-25 मीटरला दोरी सोडत जा. वळायची टोकं आणि धक्क्याजवळचं पाणी विसरू नका. बोट उतरवायचा उतार पाणी कमी झाल्यावर चिखलात संपतो का, तेही पाहा. वजनाला काय चिकटून येतं त्याचीही नोंद करा : वाळू, गाळ, शेवाळ. ओढायच्या सगळ्या पट्ट्यात 2 मीटर आणि त्याबाहेर कुठेही दीड मीटरपेक्षा कमी नाही, ही मी स्वतःसाठी पाळते ती मर्यादा. ती वर्षातले किती आठवडे पाळली जाते, तेवढाच तुमचा हंगाम. तळ्याची व्यवस्था पाहणाऱ्यांनाही आधीच भेटा. उथळ पाण्यात बोटीने गाळ ढवळला की पाणी गढूळ होतं, तळाची वनस्पती उपटली जाते, आणि त्यामुळे इंजिनच्या बोटींवर निर्बंध येऊ शकतात. पातळी किती उतरली की बोटी बंद, हे लेखी विचारून घ्या.

हे चालू असताना एक वर्ष, जुन्या बोटीचा 5 टक्के हप्ता आणि तिचा अंदाजे बांधील खर्च दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, आणि स्कीइंग क्लबमध्येच चालू ठेवा. बारा महिने ते न अडखळता जमलं, तर सुरुवातीची रक्कम निधीला न शिवता बरीचशी तयार होईल. न जमलं, तर ते कर्ज न काढता कळलं.

क्लबमधलं आणखी एखादं कुटुंब सोबत घेता आलं तर 75 भागांचा बांधील खर्च निम्म्यावर येतो, आणि तुमच्या तळ्याच्या छोट्या हंगामात दोन घरांना पुरतील एवढ्या सकाळी मिळतात. करार मात्र कागदावर हवा. आमच्या करारातलं सर्वांत उपयोगी कलम असं आहे : तळाला लागलं तर विम्याआधी भरायची रक्कम त्या वेळी स्टिअरिंगवर असलेल्याने भरायची. त्या ‘खर्र’नंतर ती मी भरली, आणि मैत्री शाबूत राहिली. बाहेर पडणाऱ्या भागीदाराच्या हिश्श्याची किंमत कशी धरायची, तेही आत्ताच लिहून ठेवा.

मोजणी झाली की आकडे मला पाठवा, क्लबच्या पावत्यांच्या बेरजेसह. त्यातल्या सर्वांत उथळ आकड्यापासून आपण पुढचा हिशेब मांडू.