पिल्लू कितव्या दिवशी मेले, ते आधी सांगा

प्रश्न : बँटम (बुटक्या जातीच्या) कोंबड्यांची 30 अंडी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली होती. 22 पिल्ले निघाली, त्यातली 9 चार दिवसांत मेली. बूड विष्ठेने चिकटते, पिल्लू पेंगते आणि सकाळी मेलेले सापडते. पाण्यातून अँटिबायोटिक चालू आहे, तरी मर थांबत नाही. कोणते औषध देऊ? (कराड तालुका)

उत्तर : औषधाचे नंतर बघू. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘सकाळी’ आहे. पिल्ले दिवसा तगतात आणि रात्रीत जातात, म्हणजे पहिला संशय थंडीवर.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ दोनदा पाहिला. चौकोनी खोका, वर नऊ वॅटचा एलईडी बल्ब, आणि सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. हल्ली निम्म्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या खोक्यात, मला हाच बल्ब दिसतो. वीजबिल वाचते आणि पिल्ले जातात. गावरान पिल्लाच्या मानाने बँटमचे पिल्लू मुळातच चिमुकले, त्यामुळे ते लवकर गार पडते. वरची ऊबेला टेकतात, खालची चेंगरतात. मेलेले पिल्लू चपटे दिसले असेल तर ते चेंगरूनच गेले.

आजच करायचे ते सांगतो. साठ वॅटचे तारेचे जुने बल्ब दोन घ्या. दोन अशासाठी, की रात्री एक उडाला तर दुसरा राहतो. ते दोरीवर टांगा, म्हणजे उंच-खाली करता येतील. खोक्याचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. तापमापक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर धरा, छताजवळ नको. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. खरे तर तापमापकापेक्षा पिल्लेच नीट सांगतात. बल्बखाली गोळा होऊन बारीक आवाजात सारखी ओरडत असतील तर थंडी. बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख पसरलेले असतील तर उकाडा. सगळीकडे पांगून खात-पीत असतील तर बल्बला हात लावू नका. रात्री एकदा उठून बघाच, कारण संध्याकाळी सातची ऊब पहाटे चारला नसते. वीज जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको, तिच्या धुराने पिल्लांबरोबर माणूसही जाईल.

बूड चिकटणे हा बहुतेक वेळा गारठ्याचा किंवा अति उष्णतेचा परिणाम असतो. कोमट पाण्यात कापूस भिजवून विष्ठा मऊ होऊ द्या, मग पुसा, कोरडे करा, थोडे खोबरेल तेल लावा. ओढू नका, कातडी सोलते. पोटाकडे खाली जी काळी वाळलेली खपली असते ती बेंबी आहे; घाण समजून ती उपटल्याने मेलेली पिल्ले माझ्याकडे आलेली आहेत.

ऊब नीट केल्यावरही मर चालू राहिली तर मेलेल्याचे पोट बघा. पोट फुगलेले, बेंबी ओली, सुजलेली आणि दुर्गंधी येत असेल तर संसर्ग अंड्यातून किंवा अस्वच्छ मशीनमधून आला. अशी पिल्ले सहसा वाचत नाहीत, पुढच्या खेपेला मशीन धुऊन निर्जंतुक करणे एवढेच हाती आहे. पांढरी चुन्यासारखी हगवण आणि दुसऱ्या आठवड्यात वाढत जाणारी मर असेल तर पुलोरम या जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्या. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. वाचलेली पिल्ले धडधाकट दिसली तरी रोग बाळगून असू शकतात, म्हणून त्यांची अंडी उबवायला ठेवू नका आणि मूळ कोंबड्यांची रक्ततपासणी करून घ्या.

प्रश्न : पिल्ले तीन आठवड्यांची झाली, आता विष्ठेत रक्त येते. पंख सोडून बसतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिले, फरक नाही.

उत्तर : तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण म्हणजे बहुधा कॉक्सिडिओसिस. हा जिवाणूचा नव्हे, आतड्यातल्या परजीवीचा रोग, त्यामुळे ते औषध चालणारच नाही. अँप्रोलियम लागते. 20 टक्के पूड असेल तर लिटरला 1.2 ग्रॅम, पाच दिवस, आणि तेवढ्या काळात दुसरे पाणी ठेवायचे नाही. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम बी-1 जीवनसत्त्वाची जागा अडवूनच काम करते, दोन्ही एकत्र दिले तर औषध फुकट. डोस सुरू करण्याआधी जवळच्या पशुवैद्यकाला विष्ठा दाखवा.

औषधाने मर थांबेल, रोग खाली अंथरलेल्या तुसात राहील. पाण्याच्या भांड्याभोवतीचे तूस मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओल आणि ऊब मिळाली की विष्ठेतली या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. फिनाईल शिंपडून ती मरत नाहीत. ओले तूस उचलून लांब टाका आणि भांडे विटेवर ठेवा.

प्रश्न : बँटम आणि गिरिराजा या मोठ्या जातीची पिल्ले एकाच ब्रूडरमध्ये चालतील का?

उत्तर : नाही. मोठी पिल्ले खाद्यावरून ढकलतात. बँटमना भरडा बारीक लागतो आणि पाण्याच्या थाळीत गोट्या टाकाव्या लागतात, नाहीतर बोटभर पाण्यातही बुडतात.

प्रश्न : लासोटाची (राणीखेत रोगावरची) लस 20 पिल्लांसाठी परवडत नाही. सोडून दिली तर?

उत्तर : सोडू नका, राणीखेत आला तर काहीच उरत नाही. पाचव्या ते सातव्या दिवसात डोळ्यात एक थेंब टाकायचा. बाटली शंभर-दोनशे मात्रांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार घरांची पिल्ले एका दिवशी गोळा करा, खर्च वाटला जाईल. लस बर्फात आणा, खिशात नको.

आणि मर लागली की मेलेले पिल्लू उकिरड्यावर टाकण्याआधी एक-दोन पिल्ले पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणा. सोबत कोणत्या दिवशी किती मेली, तेवढे कागदावर लिहून आणा.