थोरल्याला पाच वर्षं, धाकटीला दोनही नाहीत?

नमस्कार भाऊ,

घाटंजीहून तुमचं चार पानी पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, ६८ टक्के. तिला एम.एस्सी. करून बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर संशोधन करायचंय, तुम्ही बी.एड. ठरवून मोकळे झालात.

गुणांची मला काळजी नाही. खटकलं ते हे: ‘थोरला पाच वर्षांपासून पुण्यात एमपीएससी करतोय, आता आणखी खर्च झेपत नाही.’ कापसाचा पैसा हाती येईपर्यंत घर कसं ओढावं लागतं, हे मी जाणतो. पण थोरल्याच्या खर्चाची भरपाई धाकटीनं का करायची? ठरवताना तिला समोर बसवलं होतं का? अख्ख्या पत्रात तिचं वाक्य एकच, ‘मला थरांवर काम करायचंय’, आणि त्यालाही तुम्ही खूळ म्हटलंय.

खूळ नाही ते. मोबाइलच्या बॅटरीतल्या एका इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे वीज आतबाहेर नेणाऱ्या टोकात, ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनचे एकावर एक थर. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्या थरांमध्ये शिरतात, वापरताना बाहेर पडतात. सोडियम स्वस्त, पण त्याचे आयन ग्रॅफाइटमध्ये नीट सामावत नाहीत. म्हणून नव्या थरांचा शोध चाललाय. २०११ साली जगापुढे आलेली मॅक्सीन (धातू आणि कार्बन किंवा नायट्रोजन यांचे पातळ थर) त्यातलीच. हे अतिपातळ थर सुकताना पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि आयनांची वाट बंद होते. ती मोकळी कशी ठेवायची, यावर अजून पुष्कळ काम बाकी आहे.

‘नॅनो म्हणजे परदेशी मशिनी, खेड्यातल्या पोरीला कोण हात लावू देणार,’ हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. तपासणीला महागडी यंत्रं लागतात, खरंय. पण प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड बहुतेक वेळा हातानंच घडतो: भुकटी तोलायची, बाइंडर, म्हणजे ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ, घालून खलात घोटायची, फॉइलवर सारखा लेप द्यायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा. लेपाला तडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. इथे चिकाटी लागते, शहरी इंग्रजी नव्हे. तुमच्या शेतातल्या पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, कार्बन करून सुपरकॅपॅसिटरमध्ये (झटपट चार्ज होणाऱ्या वीजसाठ्यात) वापरण्यावरही संशोधन झालंय.

एम.एस्सी.साठी जॅम (आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) किंवा विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया, पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ला सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात; ती सगळ्यांना मिळत नाही, हे तिलाही माहीत असू द्या. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.

थोरल्याशी मात्र आत्ताच बोला. पाच वर्षांनंतर दुसरी वाट धरायची की नाही, हा प्रश्न त्याला विचारायचा आहे, तिला नाही.

आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, त्याआधी.