लेवीयाचा घाट

प्रश्न : काका, सलाम. मी मिरजेत परिचारिका आहे, वय ३४. वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं म्हणून सलग दोन वर्षं १ जानेवारीला सुरुवात केली. उत्पत्ति हे पहिलं पुस्तक भराभर होतं, निर्गमही होतं, आणि फेब्रुवारीत लेवीय या तिसऱ्या पुस्तकात गाडी अडकते. त्यात आमच्या तीन पाळ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात वाचन होतच नाही. मोबाईलवर रोज चार अध्यायांचा क्रम लावला होता, तो लाल अक्षरांत दाखवायचा की तुम्ही २३ दिवस मागे आहात. वैतागून काढून टाकला. पुढच्या मंगळवारपासून मला दिवसपाळी आहे. तेव्हा सुरुवात करू की नव्या वर्षाची वाट पाहू? तयारी काय करू? आणि कानानं ऐकलेलं वाचनात धरायचं का?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : सिस्टर, सलाम. मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे पाळ्यांचं मला नका सांगू. पहाटे चारची गाडी, मुक्कामी गाडी, डबल ड्युटी, सगळं करून झालंय. त्यातली निम्मी वर्षं मीही फेब्रुवारीतच उतरलेलो आहे.

आधी तो लाल आकडा. कंडक्टरची ड्युटी संपली की वे-बिल, म्हणजे त्या ड्युटीच्या तिकिटांचा हिशोब, बंद होतं. आजचा पॅसेंजर उद्याच्या वे-बिलात चढवता येत नाही. वाचनाचंही तसंच ठेवा, थकबाकी पुढे ओढायची नाही. मी एका वर्षी ओढली होती. बराच मागे पडलो होतो, म्हणून रविवारी उपासनेहून आल्यावर जेवून बसलो आणि शास्ते हे पुस्तक, २१ अध्याय, एका दुपारीत उडवलं. संध्याकाळी चहा देताना बायकोनं सहज विचारलं, इफ्ताहाच्या मुलीचं शेवटी काय झालं हो? मला सांगता येईना. वाचलं होतं दोन तासांपूर्वी!

चार अध्यायांचा तुमचा क्रम बहुधा स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकशेन या पाळकाचा असणार. त्यानं १८४२ साली आपल्या मंडळीसाठी तो आखला. वर्षात जुना करार (बायबलचा पहिला भाग) एकदा, नवा करार (दुसरा भाग) आणि स्तोत्रं दोनदा. पण त्याच पत्रकात त्यानं या क्रमाचे धोकेही लिहून ठेवले होते, आणि हे वाचन एखाद्याला न पेलणारं जू होईल, हा त्यातलाच एक. मोबाईलवाल्यांनी क्रम घेतला आणि धोके तेवढे वगळले.

आता हिशोब. ६६ पुस्तकांचे अध्याय ११८९. (कॅथलिक प्रत असेल तर पुस्तकं ७३, आकडे वाढतील.) जुन्या कराराचे ९२९, नव्याचे २६०. वर्षाचे आठवडे ५२. नव्या कराराचे आठवड्याला पाच अध्याय वाचले की बरोबर २६० होतात, एकही कमी-जास्त नाही. हे गणित पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तिकिटाच्या ट्रेवर टिचकी वाजवली होती. जुन्याचे आठवड्याला १८ धरले की ९२९ बसतात आणि थोडे उरतात. म्हणजे आठवड्याला २३. रोजचे किती हे विसरा, आठवड्याचे किती ते बघा. दिवसपाळीच्या दोन-तीन सुट्या वेळांत जास्त, रात्रपाळीत नुसता नव्या करारातला एखादा अध्याय. २३ ऐवजी २५ पेललेत तर ४८ आठवड्यांत काम होतं. उरलेले चार आठवडे लग्नकार्याला, आजारपणाला आणि तुमच्या सलग रात्रपाळ्यांना.

तुमचा दिवसही रात्री बाराला संपत नाही. ड्युटीवरून घरी येऊन झोपेपर्यंत तो चालूच असतो. सकाळी नऊला वाचलंत तरी ते कालचंच.

वही दोनशे पानी घ्या. प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि पुढे अध्यायांचे चौकोन, उत्पत्तीला ५०, निर्गमाला ४०, असे. वाचला की पेन्सिलीनं काट. तारीख मात्र कुठेही घालू नका. तारीख घातली की लाल आकडा परत आलाच.

लेवीयाचं म्हणाल तर त्याची जागा आधीच ठरलेली आहे. उत्पत्ति आणि निर्गम मिळून ९० अध्याय, अठराच्या हिशोबानं पाच आठवडे पूर्ण. सहाव्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी घाट सुरू. वहीत तिथे आजच खूण करा. घाट कुठे आहे हे माहीत असलेला ड्रायव्हर आधीच गिअर बदलतो. २७ अध्याय आहेत, दीड आठवड्याची चढण. पहिले सात अध्याय अर्पणांचे, तिथे हळू चाला, सगळं कळलंच पाहिजे असं नाही. पण अध्याय १३ तुम्ही कंटाळवाणा म्हणायचा नाही! अंगावर चट्टा आलेल्या माणसाला याजक तपासतो, सात दिवस वेगळं ठेवतो, पुन्हा तपासतो, पसरलं नसेल तर आणखी सात दिवस. तुमच्या वॉर्डातलं विलगीकरण ते. १९व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचू नका, तो गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, असं आहे. पुढे रूथ ही परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचताना भेटेल तेव्हा तो नियम हाडामांसाचा होऊन समोर उभा राहतो.

घाट उतरल्यावर गणना या पुढच्या पुस्तकाचा अध्याय ७. तिथे ८९ वचनं. बारा सरदार बारा दिवस ओळीनं अर्पण आणतात, प्रत्येकाचं तेच, १३० शेकेलांचं (शेकेल हे जुनं वजन) चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, आणि प्रत्येक वेळी सगळी यादी पहिल्यापासून. सगळे म्हणतात, एकदाच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मला मात्र तो अध्याय आवडतो. बारा पॅसेंजर एकाच स्टॉपचे असले तरी तिकिटं बारा फाडावी लागायची. स्तोत्र ११९ ची १७६ वचनं मात्र तीन दिवसांत वाटून घ्या, आणि त्याची भरपाई म्हणून ११७ आहे, दोनच वचनांचं.

प्रत कुठली? जिची मराठी तुम्हाला अडत नाही ती. माझ्या आईकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतर होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून ते केलं आणि १९२२ साली वारण्यापूर्वी पुरं केलं. आई ते मोठ्यानं वाचायची. मी सोपी, ठळक अक्षरांची प्रत वापरतो, कारण डोळे.

कानानं ऐकलेलं धरा. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं मंडळीत वाचूनच दाखवत. कलस्सै गावच्या मंडळीला तो तसं लिहितोसुद्धा. फक्त फोडणी देताना यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक लावू नका.

आणि १ जानेवारी कशाला? मंगळवारी दिवसपाळी आहे ना. सोमवारी वही आणून चौकोन आखून ठेवा, तासभर लागेल. वाचायचं काही नाही त्या दिवशी.