मारुतीचा प्रश्न

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू उत्क्रांती शिकवत असताना, मारुतीचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनेरीकडच्या मुलाने भर वर्गात विचारलं, "बाई, माणूस माकडापासून झाला, मग मारुती कोण?" आणि तू "ते नंतर बघू" म्हणून पुढे गेलीस. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. तुझं पत्र वाचून मला माझाच वर्ग आठवला. मीही असाच अडकलो होतो, आणि सांगून मोकळा झालो होतो, "पटो न पटो, पेपरापुरतं लिहा." विज्ञान मार्कांपुरतं असतं, हेच त्या दिवशी मी मुलांना शिकवलं. ते मला अजून सलतं.

"माकडापासून माणूस" हे वाक्य आधी फळ्यावरून पुसून टाक. आजचं माकड आपला खापरपणजोबा नाही, ते भावकीतलं आहे. फार मागे दोघांचे पूर्वज एक होते, एवढंच. मारुती हा त्या घराच्या श्रद्धेचा विषय. विज्ञानाच्या तासाला त्याचा निकाल लावायचा नसतो. त्या मुलाला कुणी हसता कामा नये.

पण आजोबांना बरं वाटावं म्हणून दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असंही सांगू नकोस. मत्स्य, कूर्म, वराह अशी रांग लावली की ऐकणारे सुखावतात. उत्क्रांतीत मात्र रांग नसते, फांद्या असतात. आणि उद्या कुणी पुरावा मागितला तर मुलाने काय पोथी दाखवायची?

पुरावा द्राक्षबागेत आहे. वर्गात बागाईतदारांची मुलं असतीलच. त्यांना विचार, डाउनीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर, एकच औषध सारखं मारलं की काही वर्षांनी ते लागू का पडत नाही? ज्या थोड्या बुरशीला ते मुळातच सोसतं, ती उरते, आणि पुढच्या पिढ्या तिच्याच होतात. औषधामुळे बुरशी "शहाणी झाली" असं मुलं म्हणतील. तिथे थांब, घाई करू नकोस, कारण सगळे तिथेच घसरतात. फरक आधीपासून होता, औषधाने फक्त निवड केली. म्हणूनच घरी औषधं आलटूनपालटून मारतात.

जमलं तर नाशिकजवळच्या गंगापूरचंही सांग. ज्या गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आजोबा स्नानाला जातात, तिच्याच काठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली होती.

नोकरीची भीती वाटते, असं लिहिलंस. अमेरिकेत १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला, कारण त्याच्या राज्यात ती शिकवायला बंदी करणारा कायदाच होता. आपल्याकडे उलट आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने ओझं कमी करण्याच्या नावाखाली दहावीतून उत्क्रांती वगळली, तेव्हा २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. तू एकटी नाहीस.

आजोबांना पुन्हा बोलव, चहा दे, हा धडा उघडून समोर ठेव आणि त्यांचं पूर्ण ऐकून घे. त्याआधी सोमवारी त्या मुलाच्या बाकापाशी जा आणि त्याला म्हण, तुझा प्रश्न पुन्हा विचार.

तुझे,
सर